परदेशात इंग्रजी शिकवायला निघण्याआधी



पदवी हातात पडली की मुलांपुढे ठरावीक वाटा मांडल्या जातात: स्पर्धा परीक्षा, बँक, एमबीए, आयटी. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याचं काम त्या यादीत सहसा नसतं. जपान, कोरिया, व्हिएतनाम, आखाती देश या ठिकाणी मात्र इंग्रजीच्या शिक्षकांना मागणी आहे. इंग्रजी फाडफाड बोलता येणं ही या कामाची पूर्ण पात्रता नव्हे. शिकवणं हे वेगळं कसब आहे, आणि ते रीतसर शिकता येतं.

जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात इंग्रजीची शाळा काढली. पुढे लंडनमध्ये शाळा चालवताना त्यांनी १९६२ साली होतकरू शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आज ‘सेल्टा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंब्रिजच्या अभ्यासक्रमाचं मूळ त्या वर्गात आहे. पूर्णवेळ केला तर तो साधारण चार आठवड्यांचा असतो: सुमारे १२० तासांचं शिक्षण, चार लेखी स्वाध्याय, अनुभवी शिक्षकांच्या तासांचं सहा तास निरीक्षण आणि खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास अध्यापन. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा अभ्यासक्रमही याच तोलाचा आहे.

अध्यापनाच्या या सहा तासांत शिकाऊ शिक्षकाचा कस लागतो. समजा, वर्गात वेगवेगळ्या देशांतली दहा-बारा प्रौढ माणसं आहेत. त्यांची भाषा शिक्षकाला येत नाही, त्यामुळे मायबोलीत अर्थ सांगून सुटका नाही. फळ्यावर वाक्य आहे, ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स’. नवखा शिक्षक नियम सांगतो आणि विचारतो, ‘समजलं?’ सगळे माना डोलावतात. त्या होकारावरून काहीच कळत नाही. प्रशिक्षण घेतलेला शिक्षक साधे प्रश्न टाकतो. हा माणूस आज पुण्यात राहतो का? दहा वर्षांपूर्वी राहायला आला होता का? उद्या निघून जाणार आहे, असं या वाक्यावरून कळतं का? उत्तरं ऐकली की कोणाला उमगलं आणि कोण नुसतं हसतंय, हे लगेच लक्षात येतं. मग तो फळ्यावर एक रेघ ओढतो, तिच्यावर ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशा दोन खुणा करतो आणि मधला भाग गडद करतो. तास संपला की मार्गदर्शक आणि सोबतचे प्रशिक्षणार्थी त्या तासाची चिरफाड करतात: शिक्षक किती वेळ बोलला, विद्यार्थी किती वेळ बोलले, सूचना एकदाच आणि सोप्या शब्दांत दिली का. हे ऐकून घेणं सुरुवातीला जड जातं, पण या शिक्षणाची खरी किंमत तिथेच वसूल होते.

आता महाराष्ट्रातल्या मुलामुलींविषयी. इथे कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाने इंग्रजी घरात आपसूक उचललेलं नसतं, ते कष्टाने कमावलेलं असतं. शिक्षक म्हणून हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं मराठीत नाहीत, तशीच ती जपानी आणि कोरियन भाषांतही नाहीत. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तिथेही तसंच. ‘मी सफरचंद खातो’ या वाक्याचा क्रम जपानीत जसाच्या तसा राहतो: ‘वाताशी वा रिंगो ओ ताबेमास’. तोक्योचा विद्यार्थी ‘द’ कुठे गाळतो आणि क्रियापद मागे का ढकलतो, हे सातारच्या मुलीला चटकन कळेल, कारण त्या खाचखळग्यांतून ती स्वतः गेलेली असते.

शिकणाऱ्याची अडचण नेमकी ओळखण्यातून केवढं काम उभं राहतं, ते ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाकडे पाहून कळतं. १९२४ साली ते जपानमधल्या ओइता इथे इंग्रजी साहित्य शिकवायला गेले. विद्यार्थ्यांना साहित्याआधी भाषेची गरज आहे, हे त्यांनी ओळखलं. कोणत्या क्रियापदापुढे कशी रचना येते, कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं येत नाही, हे दाखवणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांसोबत तयार केला. तो १९४२ साली तोक्योत प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आज आपल्या मुलांच्या दप्तरात असणारी ऑक्सफर्डची जाडजूड डिक्शनरी त्याच कोशाच्या वंशातली.

भारतानेही या विद्येत मोलाची भर घातली आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं दिली आणि त्यांवरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावले. हा ‘बंगळुरू प्रकल्प’ जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात अजूनही अभ्यासला जातो. शिवाय भूतान, मालदीव, इथिओपिया या देशांत भारतीय शिक्षकांनी वर्षानुवर्षं शिकवलं आहे, तेव्हा ही वाट आपल्या माणसांना अगदीच नवी नाही.

पण पालकांनी एक गोष्ट नीट ऐकावी. प्रत्येक देशाचे दरवाजे भारतीयांना सारखे उघडे नाहीत. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यत्वे सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना मुभा मिळते ती २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे, आणि तीही शिक्षकी पात्रता असेल तरच. जपानचा ‘जेट’ कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात पदवीधर तरुण जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्गात उभे राहतात. करार एकेका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. कोणत्या देशांतून उमेदवार घेतले जातात, ते त्या त्या वर्षी दूतावासाकडूनच तपासून घ्यावं. मायबोली इंग्रजी असलेलाच शिक्षक चांगला, हा समज अनेक मालकांच्या डोक्यात आजही घट्ट आहे. तो अन्यायाचा आहे. १९९२ मध्ये भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिपसन यांनी त्याचा सविस्तर समाचार घेतला, तरी नोकरीच्या जाहिरातींत तो अधूनमधून डोकावतोच.

ज्या प्रमाणपत्रासाठी एकही तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, पुढचं आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्या दलालाच्या दारातून तिथल्या तिथे परत फिरावं. परदेशी नोकरीसाठी मध्यस्थ घ्यायचाच असेल, तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. इतकं झाल्यावर या उन्हाळ्यात गावातल्या किंवा वस्तीतल्या शाळेत आठवड्याला दोन तास इंग्रजी शिकवून पाहावं, जमल्यास एखाद्या जाणत्या शिक्षकाला मागच्या बाकावर बसवावं. आवड टिकली तर पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्राचं अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) आणि पोलिसांचा दाखला यांच्या मागे आत्ताच लागावं, कारण ही कागदपत्रं हाती यायला बराच वेळ लागतो.