शिष्यत्व सोमवारी सुरू होतं



माझी आजी अहमदनगर जिल्ह्यातली. महारवाड्यातल्या तिच्या घराण्याने मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. ती म्हणायची, "येशूनं आपल्याला पंगतीत बसवलं." शिष्यत्वाचा याहून सोपा अर्थ मला माहीत नाही.

पण पंगत अजून पुरी झालेली नाही. तिरुचिरापल्लीतल्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत बांधली गेली. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ साली शीख दलित आणि १९९० साली बौद्ध सामावले. दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. सरकार म्हणतं, धर्म बदलला, जात गेली. चर्चमध्ये मात्र ती मेल्यावरही जात नाही.

येशूने विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नसे. १९२७ च्या महाडनंतर ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मित्रांनो, आपण घरातले पहिले पदवीधर. रविवारी गीत गाणं सोपं आहे. सोमवारी वसतिगृहात कुणी आडनाव विचारलं तर न लपवता सांगणं, बहिणीचं स्थळ पाहताना "आपल्यातलाच हवा" याला घरात विरोध करणं, मंडळीच्या बैठकीत दफनभूमीचा विषय काढणं, हे अवघड आहे. मलाही दरवेळी जमलेलं नाही. पण पाचारण येतं ते याच ठिकाणी.

आजीला पंगतीत जागा मिळाली. आता शेजारी कोण बसलेलं नाही, हे पाहणं आपलं काम.