खांद्याचे दुखणे आणि यंत्राचा कौल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात राळेगाव येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विवाहखर्च, शिष्यवृत्ती व वसतिगृह या विषयांवर भाषणे होतात. यंदा आम्ही खांद्यावर बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि पुढे अडतीस वर्षे प्राथमिक शाळेचा फळा, एवढीच आमची विद्या. परंतु मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य समितीवर काम करीत असता आमच्या हातून एक चूक घडली. ती आपणांपुढे मांडल्यावाचून आम्हांस चैन पडणार नाही.

समितीपुढे एकाच बैठकीत दोन अर्ज आले. पहिला पासष्टी उलटलेल्या एका मावशींचा. जन्म कापूस वेचण्यात गेलेला. रात्री उजवा खांदा ठणके, कुशीवर निजवत नसे. मात्र हात वर जात होता. सोबत एमआरआयचा अहवाल होता व त्यात 'स्नायुबंधास आंशिक फाट' असे लिहिले होते. दुसरा अर्ज चाळिशीच्या आतल्या एका शेतकऱ्याचा. बंडीवरून खांद्यावर आदळल्या दिवसापासून त्याचा हात उचलेनासा झाला होता. जवळ कागद म्हणावा तर क्ष-किरणांचा एक फोटो, आणि हाड शाबूत असल्याचा शेरा. आम्हीच आग्रह धरला की ज्याचा अहवाल आहे त्यास शस्त्रक्रियेचे पैसे द्यावेत, दुसऱ्याने आधी अहवाल आणावा. तपासणीला काही हजार रुपये लागतात. ते त्याच्यापाशी असते तर तो आमच्या दारी कशाला आला असता, हा विचार त्या वेळी आम्हांस सुचला नाही.

पुढे काय झाले ते ऐका. मावशींचा खांदा हाताळून पाहिल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की तूर्त शस्त्रक्रियेचे कारण नाही, व्यायाम करा. तीन महिन्यांनी त्या स्वतःची वेणी स्वतः घालू लागल्या. पैसे निधीत परत आले. त्या शेतकऱ्याची तपासणी चौदा महिन्यांनी झाली. तोवर फाटलेला बंध आत आक्रसून गेला होता आणि स्नायूच्या जागी चरबी भरू लागली होती. आता शिवूनही टिकेल की नाही याची शाश्वती डॉक्टर देईनात. वखर धरणे त्याने सोडले आहे.

हे असे का झाले, याचा शोध आम्ही आमच्या परीने घेतला. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ ताटलीवर ठेवलेला लाडू होय. तो घसरू नये म्हणून चार स्नायूंचे बंध त्यास सदऱ्याच्या बाहीच्या पट्टीसारखे वेढून असतात. यासच रोटेटर कफ म्हणतात. हा बंध क्ष-किरणांच्या फोटोत दिसतच नाही. तेव्हा 'हाड शाबूत' याचा अर्थ 'खांदा शाबूत' असा नव्हे. आम्ही तो तसा घेतला. अमेरिकेतील डॉ. कॉडमन यांनी हा बंध 1909 साली शिवला व 1934 साली खांद्यावर एक ग्रंथच लिहिला. पण त्यांच्या काळी फाट आत डोळ्यांनी पाहण्याचे साधन नव्हते. ते एमआरआयने दिले. प्रबळ चुंबकाच्या पोटात शरीरातील पाण्याचे सूक्ष्म कण रेडिओलहरींनी जागे करावयाचे, आणि ते परत जो संकेत देतात त्यावरून चित्र रेखावयाचे, अशी ती युक्ती आहे. लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना तिच्यासाठी 2003 साली नोबेल पारितोषिक मिळाले. (तेथे जाताना अंगावर लोखंड ठेवू नये. मुंबईत 2018 साली प्राणवायूच्या नळकांड्यासह एक तरुण त्या यंत्राकडे ओढला गेला व प्राणास मुकला.)

आता यंत्राचा कौल कितपत खरा? 2013 साली कॉक्रेन या संस्थेने निरनिराळ्या अभ्यासांचे एक संकलन प्रसिद्ध केले. बंध आरपार फाटलेल्या शंभर खांद्यांपैकी सुमारे 94 एमआरआयने बरोबर ओळखले. न फाटलेल्या शंभरांपैकी सुमारे 7 खांद्यांवर खोटा आळ घेतला. आमच्या शाळेत असा विद्यार्थी पहिल्या वर्गात आला असता. पण फाट अर्धवट असली की हाच विद्यार्थी शंभरांतील 74 च ओळखतो. सोनोग्राफी पुष्कळ स्वस्त. आरपार फाटीत ती 92 ओळखते, अर्धवट फाटीत मात्र 52 वर घसरते. शिवाय हे आकडे बहुधा शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या रुग्णांवरून आलेले. सर्वसाधारण दुखणेकऱ्यास ते जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे आहे.

याहूनही आम्हांस चकित करणारी गोष्ट वेगळीच. 1995 साली अमेरिकेत खांदा मुळीच न दुखणाऱ्या 96 माणसांचे एमआरआय काढले. सुमारे एक तृतीयांश लोकांत फाट निघाली, आणि साठीपुढील व्यक्तींत तर निम्म्याहून अधिकांच्या! केस पिकावेत तसा हा बंधही वयाने विरतो. यंत्र खोटे बोलले नव्हते, फाट होतीच. परंतु दुखणे त्या फाटीचे आहे की नाही, हे चित्र सांगत नाही. ते हात उचलवून, जोर लावून, कधी व कसे लागले हे विचारूनच ठरवावे लागते. मावशींच्या अहवालातील त्या दोन शब्दांना आम्ही न्यायाधीशाच्या निकालासारखे मानले, आणि ज्याच्या लोंबत्या हातात सारी साक्ष होती त्याकडे कागद मागितला. पडल्यानंतर तडकाफडकी हात न उचलणे, हेच त्वरेने तपासणीस जाण्याचे कारण असते. तेथे महिने दवडणे महाग पडते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. पडझडीनंतर ज्याचा हात उठत नाही अशा अर्जदारास निधीतून प्रथम यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामास जाण्याचा व तपासणीचा खर्च द्यावा, अहवालाची वाट पाहू नये. आणि ज्याच्यापाशी अहवाल आहे त्याने शस्त्रक्रियेसाठी अर्ज करताना 'हात तपासून पाहिला' अशी डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी जोडावी. त्या शेतकरी बांधवास विचारून, त्याच्या संमतीनेच, आम्ही हे येथे सांगितले आहे. अर्जाचा नवा नमुना चिटणीसांच्या मेजावर ठेवला आहे.