कच्च्या मडक्याची गोष्ट

देवाच्या दारापासून दूर राहणारी माणसं मला दोन तऱ्हेची दिसली. एक, ज्यांना देव आहे असं वाटतच नाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही. दुसरी, ज्यांना देव आहे हे पक्कं ठाऊक आहे, पण त्याच्यासमोर उभं राहायची आपली लायकी नाही, हे त्याहून पक्कं ठाऊक आहे. 'आधी दारू सुटू दे, मग माळ घालीन.' 'आधी भावासोबतचा दावा मिटू दे, मग वारीला जाईन.' 'पाच वेळची नमाज होत नाही, तर ईदला तरी कोणत्या तोंडानं जाऊ?' आमच्या बुलडाणा जिल्ह्यात मी ही वाक्यं मशिदीच्या ओट्यावर ऐकली आणि देवळासमोरच्या पारावरही ऐकली. आजचं बोलणं या दुसऱ्या माणसांसाठी आहे.

माझा धर्म इस्लाम, माझी भाषा मराठी. त्यामुळे मला दोन घरची शिदोरी मिळाली. आज दोन्ही गाठोडी सोडतो.

आमच्याच जिल्ह्यातलं शेगाव घ्या. गजानन महाराज तिथं पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले तो दिवस २३ फेब्रुवारी १८७८ सांगतात. एका घरी जेवणावळ होती. जेवणं आटोपून उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या होत्या आणि महाराज त्या पत्रावळींना चिकटलेली भाताची शितं वेचून खात होते. ही गोष्ट विदर्भातल्या पोराबाळांनाही पाठ आहे. अन्नाचा मान ठेवावा, असा तिचा अर्थ आपण लावतो आणि तो बरोबरच आहे. मला मात्र त्यात आणखी एक दिसतं. लोकांनी जे टाकून दिलं, त्यात अजून खाण्याजोगं काही उरलं आहे, हे पाहणारी एक नजर असते. आपण माणसांच्याही पत्रावळी करतो. एकदा उष्टा ठरला की माणूस बाहेर. आणि कोणीतरी खाली बसून त्यातली शितं वेचत असतो.

आता नामदेवांची गोष्ट. तेरच्या गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं गोरोबांना म्हटलं, तुमच्या थापटण्यानं ही सगळी मडकी पारखून सांगा, भाजलेलं कोणतं आणि कच्चं कोणतं. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे शांत बसून राहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं आहे. नामदेव अपमान घेऊन पंढरपूरला परतले आणि विठोबापुढं त्यांनी तक्रार मांडली. विठोबानं काय करावं? त्यानं लाडक्या भक्ताची बाजू घेतली नाही. ते म्हणतात ते खरं आहे, तुला गुरू हवा, असं सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं.

ही गोष्ट आपण गुरूचं महत्त्व सांगायला वापरतो. पण तिच्यातला क्रम बघा. याच नामदेवाच्या हातचा नैवेद्य लहानपणी देवानं खाल्ला, अशी कथा आहे. म्हणजे देव ज्याच्या हातचं जेवला, ते मडकं तेव्हा कच्चंच होतं. देवानं आधी भाजून घे आणि मग ये, असं म्हटलं नाही. आधी जेवला, आधी जवळ घेतलं, आणि कच्चेपण उघडं पडल्यावर खोटं सांत्वनही केलं नाही. आव्यात जायला सांगितलं. माया आधी, भाजणं नंतर. आपण मात्र स्वतःच्या बाबतीत हा क्रम उलटा करतो आणि जन्मभर दाराबाहेर थांबतो. कुंभाराला विचारा. तो कच्चंच मडकं आव्यात रचतो. भाजून आलेल्याला आव्याचं काय काम?

आता दुसरं गाठोडं. 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत ही कथा आली आहे. एका माणसानं नव्याण्णव खून केले होते. त्याला पश्चात्ताप झाला. तो एका एकांतवासी साधकाकडे गेला आणि विचारलं, मला तौबा करता येईल का? साधकानं नाही म्हटलं. त्यानं त्यालाही मारलं. शंभर झाले. मग तो एका जाणत्या माणसाकडे गेला. तो म्हणाला, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण उभं राहू शकतं? फक्त हे गाव सोड. अमक्या गावी भले लोक राहतात, त्यांच्यात जाऊन राहा. माणूस निघाला आणि वाटेतच मेला. रहमतचे आणि शिक्षेचे फरिश्ते भांडू लागले, हा कोणाचा? तेव्हा दोन्हीकडचं अंतर मोजायचं ठरलं. बुखारीतल्या पाठात आहे की अल्लाहनं भल्या गावाच्या बाजूच्या जमिनीला जवळ यायला सांगितलं आणि मागच्या जमिनीला दूर व्हायला सांगितलं. मोजलं तेव्हा तो वीतभर पुढं निघाला, आणि माफ झाला.

त्या माणसाकडे पुण्याचा साठा नव्हता. त्यानं फक्त तोंड कोणीकडे केलं होतं, एवढंच जमेला होतं. उरलेली वीत जमिनीनं भरून दिली.

आता कोणी म्हणेल, अहो, असं सांगितलं तर लोक मोकळे सुटतील. दिवसभर काटा मारायचा आणि संध्याकाळी हात जोडायचे. शंका रास्त आहे. इस्लाममध्ये तिचं उत्तर आहे. अल्लाहचा हक्क वेगळा, बंद्यांचा हक्क वेगळा. चुकलेली नमाज हा त्याचा आणि तुमचा हिशेब. पण शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, बहिणीचा वाटा दाबला असेल, तर तो ज्याचा त्याला परत करावा लागतो, किंवा त्याच्याकडून माफी मिळवावी लागते. फुजैल इब्न अयाज हे आठव्या शतकातले मोठे सूफी. आधी ते वाटमारी करणारे दरोडेखोर होते. मन पालटल्यावर ते ज्यांना लुटलं होतं त्यांना शोधत फिरले, असं फरिदुद्दीन अत्तारांनी लिहिलं आहे. मायेनं त्यांना बसवून ठेवलं नाही, दारोदार फिरवलं. देवाची माया खरी असेल तर ती माणसाला कामाला लावते. जिथं ती आळशी करते, तिथं ती माया नसून आपणच आपल्याला दिलेली सूट असते.

आणि इथं एक फरक सांगितलाच पाहिजे. खरोखर चुकलेला माणूस वेगळा आणि ज्याला लोकांनी चुकीचा ठरवलं तो वेगळा. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. चोखोबांत कसला दोष होता? त्यांचा विटाळ लोकांच्या डोळ्यांत होता. १३३८ साली मंगळवेढ्याला कुसवाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा खाली सापडले. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी वेगळ्या कशा काढायच्या? कथा सांगते, नामदेवांनी हाडं कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती उचलली. श्रोते हो, हे तेच नामदेव, एकेकाळचं कच्चं मडकं. भाजून निघाल्याची खूण कोणती, तर जगानं टाकलेल्या माणसाच्या हाडांतलं नाम त्यांना ऐकू आलं. पंढरीच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी झाली. पण त्यांच्या समाजाला आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशेहून जास्त वर्षं! देवाला वेळ लागत नाही, पुजाऱ्यांना आणि आपल्याला लागतो.

श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहीत होते. जन्मानं मुसलमान, भाषेनं मराठी, मनानं वारकरी. आपला जन्म त्यांनी लपवला नाही आणि तो देवाच्या आड येतो असंही मानलं नाही. माझ्यासारख्याला त्यांचा केवढा आधार!

हे सगळं आज का सांगतो? २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना आणली. त्या सहांत बुलडाणा होता. अशा मरणामागं कर्ज असतं, नापिकी असते, पडलेला भाव असतो, आणि त्यांचा उपाय सरकारनं आणि समाजानंच करायचा आहे. तिथं प्रवचनाचं काम नाही. पण त्या माणसाच्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे लाज. मी बाप म्हणून नापास, नवरा म्हणून नापास, आता कोणाला तोंड दाखवू? कर्ज हे पाप नव्हे, पण तो स्वतःला गुन्हेगार धरून बसतो. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, ही कुराणाची शिकवण मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. गुन्हेगारांनाही जिथं निराश व्हायची मनाई आहे, तिथं निव्वळ हरलेल्या माणसानं का व्हावं?

लोणारला गेला असाल तर धार पाहिली असेल. काठावर गोमुखातून गोडं पाणी पडतं आणि खाली खाऱ्या सरोवराला जाऊन मिळतं. तेवढ्यानं सरोवर गोडं होत नाही. पण सरोवर खारं आहे म्हणून धारही थांबत नाही. आणि तिच्या वाटेवर हिरवं उगवतं.

तेव्हा एवढंच म्हणेन. तुम्ही कच्चे असाल तर कच्चेच या. आणि जे आधीच आत बसले आहेत त्यांना विनंती की उशिरा आलेल्याच्या तोंडाचा वास घेऊ नका, थोडं सरकून जागा द्या. वीतभर पुरे.

नमस्कार. खुदा हाफिज.