रूपाचा शोध आणि अर्थाचा शोध



आजच्या व्याख्यानाचा विषय संगणकाच्या आज्ञावल्यांतून, म्हणजे व्यवहारात ज्याला सोर्स कोड म्हणतात त्या मजकुरातून, हवा तेवढाच भाग हुकमी वेचून काढणाऱ्या साधनांचा आहे. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मजकुराच्या आधारावर आज आपले बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण आणि सातबाऱ्याचा उतारा चालतो, तो मजकूर अखेर माणसांनी लिहिलेला आणि माणसांनीच दुरुस्त करावयाचा असल्यामुळे, तो धुंडाळण्याची विद्या कोणती, तिची मजल कोठपर्यंत आणि तिची मर्यादा कोठे, हे जाणून घेण्याचा अधिकार सुशिक्षित समाजाला आहे, असे मी मानतो.

या मजकुराचा विस्तार प्रथम ध्यानी घ्यावा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचाच सोर्स कोड आज अडीच कोटींहून अधिक ओळींचा आहे. तो आद्यंत वाचून काढण्याची प्रतिज्ञा कोणी केली, तरी ती एका आयुष्यात सिद्धीस जाणे कठीण. गेल्या शतकाच्या अखेरीस, जुन्या आज्ञावल्यांत सन दोनच अंकांत नोंदवण्याचा शिरस्ता असल्यामुळे २००० साल उजाडताच हिशेब चुकतील असे ध्यानी आले, तेव्हा जगभरच्या दफ्तरांतील अशा ओळी हुडकून काढून दुरुस्त करण्याचे प्रचंड काम निघाले, आणि त्या कामाचा मोठा वाटा मुंबई, पुणे, बंगळूर येथील अभियंत्यांनी उचलला. त्या कामातील खरी अडचण दुरुस्तीची नव्हती. दोन अंकांच्या जागी चार अंक करणे सोपे होते. तारीख जेथे ‘तारीख’ या नावाने नांदत नव्हती, जेथे ती कोणा विस्मृत लेखकाने दिलेल्या संक्षिप्त नावाखाली दडून होती, तेथे ती शोधावयाची कशी, ही ती अडचण होती.

या शोधविद्येचे मूळ संगणकाच्या कारखान्यात नसून मेंदूच्या अभ्यासात आहे. १९४३ साली मॅककलॉक आणि पिट्स या दोघा अभ्यासकांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रतिमान मांडले. असे जाळे कोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, या प्रश्नाचा विचार करीत असता स्टीफन क्लेनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली एक टिपण लिहिले, ते १९५६ साली ग्रंथात प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी दाखवून दिले की एकापाठोपाठ एक येणे, अनेकांपैकी एक असणे आणि कितीही वेळा पुन्हा येणे, या तीनच क्रियांच्या संयोगाने अशा सर्व क्रमांचे वर्णन करता येते. अशा वर्णनास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आमचे तरुण अभियंते त्यास सुटसुटीतपणे रेगेक्स म्हणतात.

क्लेनी यांचा सिद्धांत कागदावरून यंत्रात आणण्याचे श्रेय केन थॉम्प्सन यांचे. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्याशा निबंधात त्यांनी अशी युक्ती मांडली की, मजकुरातील प्रत्येक अक्षर एकदाच वाचावे, आणि त्या घडीला जुळणीच्या जितक्या वाटा संभवतात त्या सर्व बरोबरीने पुढे न्याव्यात, म्हणजे मागे फिरण्याचा प्रसंगच येत नाही. पुढे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली आकारास आली, तेव्हा तिच्या ‘ईडी’ या मजकूर-संपादक आज्ञावलीत हीच शोधशक्ती बसवण्यात आली. त्या प्रयोगशाळेत ली मॅकमहॉन हे अमेरिकन राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये लिहिल्या गेलेल्या ८५ निबंधांपैकी काहींचा खरा कर्ता कोण, याचा शोध शब्दांच्या आधारे घेऊ पाहत होते. परंतु तो सारा मजकूर संपादकाच्या स्मृतीत मावेना. तेव्हा संपादकातील शोधाचा भाग थॉम्प्सन यांनी वेगळा काढून त्याची स्वतंत्र आज्ञावली केली, जी मजकूर साठवीत नाही, ओळीमागून ओळ वाचते आणि जुळणारी ओळ तेवढी पुढे ठेवते. हीच ‘ग्रेप’. १९७३ च्या युनिक्सच्या हस्तपुस्तिकेत ती रुजू झाली, आणि पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही जगातील बहुतेक प्रोग्रामरांच्या बोटांवर तीच आहे.

त्याच १९७३ साली डग मॅक्‌इलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये ‘पाइप’ आला, म्हणजे एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती परभारे देण्याची सोय झाली. लगोलग ओळीत फेरफार करणारी ‘सेड’ मॅकमहॉन यांनीच लिहिली, आणि १९७७ साली आहो, वाइनबर्गर व कर्निहॅन या त्रयीने स्तंभवार मजकुरासाठी ‘ऑक’ तयार केली. एकेका साधनाने एकच काम नेटके करावे आणि मोठे काम त्यांच्या साखळीने साधावे, हा या मंडळींचा दंडक होता.

आता या साधनांनी काम कसे चालते, ते आपल्या भाषेशी निगडित असलेल्या एका उदाहरणाने पाहू. सी भाषेत लिहिलेली एखादी मुक्त आज्ञावली मराठीत आणावयाची आहे असे समजा. अशा आज्ञावलीत, वापरणाऱ्याला दिसणारे प्रत्येक वाक्य भाषांतरासाठी खूण करून ठेवण्याचा प्रघात आहे: आधी एक अधोरेखा, मग उघडता कंस, मग दुहेरी अवतरणचिन्हांत ते वाक्य, आणि शेवटी मिटता कंस. शेकडो फाइलींत विखुरलेली अशी सर्व वाक्ये गोळा करून त्यांची फेरिस्त करावयाची आहे.

ग्रेपला आपण जे वर्णन देतो ते असे: अधोरेखा, उघडता कंस, अवतरणचिन्ह, त्यापुढे अवतरणचिन्ह सोडून अन्य कोणतीही अक्षरे कितीही वेळा, पुन्हा अवतरणचिन्ह, मिटता कंस. येथे ‘कोणतेही अक्षर कितीही वेळा’ एवढेच लिहिले तर चालणार नाही का, असा प्रश्न जिज्ञासूच्या मनात येईल. चालणार नाही, कारण ग्रेप नेहमी दीर्घतम जुळणी पसंत करते. एकाच ओळीत दोन वाक्ये असली, तर पहिल्याच्या आरंभापासून दुसऱ्याच्या अंतापर्यंतचा सारा ऐवज, मधल्या कामकाजी चिन्हांसकट, एकच वाक्य म्हणून ती आपल्या हाती देईल. जे नको ते वगळून सांगणे हे जे हवे ते सांगण्याइतकेच आवश्यक आहे, आणि या विद्येचा पहिला धडा हाच आहे.

दुसरी सावधगिरी कंसाबाबतची. या वर्णनभाषेच्या मूळ बोलीत कंस हा साधा कंस असतो आणि त्यामागे उलटी तिरकी रेघ दिली की तो गट बांधतो. विस्तारित बोलीत हाच नियम नेमका उलटा होतो. तेव्हा कोणती बोली बोलतो आहोत ते हुकमातच स्पष्ट केले पाहिजे. मग सर्व उपफोल्डरांत शिरण्याचा, फाइलीचे नाव गाळण्याचा आणि पूर्ण ओळीऐवजी जुळलेला तुकडाच छापण्याचा, असे तीन पर्याय जोडावयाचे, की वाक्यांची रास पाइपमधून वाहू लागते. तिला ‘सॉर्ट’ने अकारविल्हे लावावे आणि ‘युनिक’ने एकसारख्या ओळी एकत्र करून त्यांची गणती मागावी. हा क्रम उलटा करून भागत नाही, कारण ‘युनिक’ला शेजारशेजारच्या ओळींतलेच साम्य कळते. अखेरीस संख्येच्या उतरत्या क्रमाने पुन्हा ‘सॉर्ट’ केले, की कोणते वाक्य किती ठिकाणी आले आहे आणि कोणते प्रथम भाषांतरित करावे, याचा तपशील क्षणार्धात समोर येतो. हेच काम हाताने करावयाचे तर कित्येक दिवस जातील.

एवढी सत्ता हाती आली की तिच्यावर अमर्याद विश्वास टाकण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच तिची मर्यादा सांगणे हे माझे मुख्य कर्तव्य आहे. समजा, दफ्तरातील एखाद्या कारकुनाला वाचता येत नाही, पण विशिष्ट शिक्का मात्र अचूक ओळखता येतो. त्याला रुमाल सोडून त्या शिक्क्याचे कागद काढावयास सांगितले, तर तो एकही शिक्का नजरेतून सुटू देणार नाही, परंतु रद्द झालेला कागदही खऱ्यांतच मांडील, आणि ज्या अस्सल कागदावर शिक्काच उमटलेला नाही तो कधीही आणणार नाही. ग्रेपची ओळख अशीच रूपाची आहे, अर्थाची नाही.

आपल्या उदाहरणातच पाहा. कोणी जुना भाग टिप्पणीत टाकून निकामी केला असेल, तरी त्यातील वाक्य यादीत येते. वाक्याच्या पोटात उलटी तिरकी रेघ देऊन अवतरणचिन्ह लिहिले असेल, तर आपले वर्णन तेथे अडखळते आणि ते वाक्य सुटते. लांबलचक वाक्य लेखकाने दोन ओळींत तोडले असेल, तर सी भाषा ते तुकडे जोडून घेते, पण ओळीगणिक वाचणारी ग्रेप त्याला पारखी होते. एकवचन आणि अनेकवचन यांसाठी असलेली निराळी खूण तर आपल्या वर्णनात बसतच नाही. यांपैकी काही उणिवा वर्णन अधिक बारकाईने लिहून भरून निघतील. परंतु एक उणीव मुळातच भरून निघणारी नाही. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, अशी कितीही खोल जाणारी रचना क्लेनी यांच्या तीन क्रियांच्या आवाक्याबाहेर आहे. भाषांच्या रचनांची जी श्रेणी नोम चॉम्स्की यांनी १९५६ पासून मांडली, तिच्यात अशा रचनांचे स्थान वरच्या पायरीवर आहे. म्हणूनच भाषांतराची वाक्ये पक्क्या कामासाठी काढावयाची, तेव्हा ‘एक्सगेटटेक्स्ट’ हे साधन वापरतात; ते सी भाषेतील टिप्पणी कोणती, अवतरणातील मजकूर कोणता आणि तो कोठे संपतो हे जाणते. ग्रेपने अंदाज घ्यावा, व्याकरण जाणणाऱ्या साधनाने निवाडा करावा, अशी कामाची वाटणी योग्य होय.

वर्णन निष्काळजीपणे लिहिले तर नुकसान केवळ शोधाचे होत नाही. थॉम्प्सन यांची सर्व वाटा एकत्र चालण्याची पद्धत पुढच्या काळातील अनेक लोकप्रिय भाषांनी सोडली आणि एक वाट अखेरपर्यंत जाऊन पाहावी, फसली तर मागे फिरावे, ही पद्धत अंगीकारली. तिने सोयी वाढल्या, परंतु काही दुर्दैवी वर्णनांत मागे फिरण्याच्या वाटा बेसुमार वाढू लागल्या. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत असेच एक वर्णन दाखल झाले, आणि तिच्यावर विसंबलेली जगभरची असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे ठप्प झाली.

आता आपल्या लिपीकडे वळू, कारण भाषांतर झाले की ज्या फाइली तयार होतात त्या मराठीत असतात आणि त्याही धुंडाळाव्याच लागतात. सप्टेंबर १९९२ मध्ये याच केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतपद्धती आखली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते, आणि एका चिन्हाचा संकेत दुसऱ्याच्या पोटात कधीही सापडू नये अशी तजवीज मुळातच केलेली आहे. म्हणून इंग्रजीसाठी लिहिलेल्या साधनांनाही मराठी शब्द बिनचूक सापडतो. परंतु ज्याला आपण एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या लेखी एक असतेच असे नाही: ‘कि’ ही दोन चिन्हे, ‘क्षि’ ही चार. ‘कोणतेही एक अक्षर’ असे वर्णन देणाऱ्या मराठी माणसाने हा हिशेब ध्यानात ठेवावा.

याहून बिकट प्रश्न ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांतील आडव्या रफाराचा आहे. तो दोन रीतींनी टंकित होतो: एकीत ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडतात, तर दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य सांधा ठेवतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राला मात्र ते निरनिराळे शब्द आहेत, आणि युनिकोड या अक्षरसंकेत-मानकाच्या प्रमाणीकरणानेही त्यांतील भेद मिटत नाही. एका रूपाने शोध केला की दुसऱ्या रूपातील सारे शब्द निमूटपणे सुटून जातात.

सुटलेले दिसत नाही, हाच या विद्येतील सर्वांत मोठा धोका आहे. ग्रेप काम संपवताना एक अंक मागे ठेवते: सापडले तर शून्य, काहीच सापडले नाही तर एक, आणि शोधच नीट घडला नाही तर दोन. सापडले नाही आणि शोधच झाला नाही यांतील हा भेद तिच्या कर्त्यांनी पाळला. परंतु सापडले नाही आणि मुळात अस्तित्वातच नाही, यांतील भेद पाळणे त्यांनी वापरणाऱ्याच्या विवेकावर सोपवले आहे, कारण तो कोणत्याही यंत्राला पाळता येण्याजोगा नाही.

म्हणून येथे जमलेल्या तरुण अभियंत्यांना आणि मराठी भाषांतराचे काम निरपेक्षपणे करणाऱ्या स्वयंसेवकांना माझे एवढेच आवाहन आहे. ही साधने अवश्य शिका. शोधापूर्वी आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीचे वर्णन शब्दांत लिहून पाहा. जे सापडले त्याइतकीच जे सुटले असेल त्याची चिकित्सा करा. आणि आडव्या रफारासाठी ‘ऱ’चे एकच रूप सर्वांनी मिळून पाळा. आज ही शिस्त आपण लावून घेतली नाही, तर पुढची पिढी आपलाच मराठी मजकूर शोधू लागेल तेव्हा त्यातील कितीतरी भाग तिच्या हाती लागणार नाही, आणि तो सुटला आहे हे तिला कळणारही नाही.