चार दिवसांचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही समुद्र पाहून आलात, तर त्यावर चार शब्द बोला." मी सातवी शिकलेली गृहिणी. समुद्राचे वर्णन मला साधणार नाही, आणि पुस्तकांतून ते पुष्कळ झालेही आहे. मी बोलणार आहे ती समुद्राकाठी आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांविषयी. प्रवासाचे निम्मे सुख पाहण्यात असते, तर निम्मे उतरण्याच्या जागेत. पण त्या जागेत घरच्या बाईला विसावा मिळतो की तिची नुसती चूल बदलते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

दिवाळी झाली, सोयाबीन विकून झाले, हरभरा पेरून झाला, तेव्हा ह्यांनी मनावर घेतले. सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी पंढरपूर पाहिले, शेगाव तर कितीदा, पण समुद्र पाहिला नव्हता. आम्ही दोघे, सासूबाई, थोरली कन्या आणि धाकटे चिरंजीव अशी पाच माणसे निघालो. शेगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तेथून पनवेल, पनवेलहून कोकणच्या गाडीने खेड, आणि खेडहून एस. टी. ने दापोली. दापोलीजवळचे मुरूड हे आमचे मुक्कामाचे गाव. रोह्यापासून पुढची कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, म्हणून विदर्भातल्या माणसालाही हा प्रवास आता फारसा अवघड राहिलेला नाही.

तिकडे समुद्रकाठच्या गावांतून घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय असते. घरचे लोक एका भागात राहतात आणि दुसरा भाग पाहुण्यांना देतात. आपल्या राज्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तीही अशाच घरांसाठी. ह्यांनी फोन लावला तेव्हा मी शेजारी बसून चार प्रश्न विचारायला लावले. पायऱ्या किती? संडास बसायचा की खुर्चीचा? गरम पाणी कसे मिळते? खोलीत चूल चालेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पहिले दोन. समुद्र किती जवळ, हे पुरुष विचारतातच. हे चार प्रश्न मात्र आपणच विचारावे लागतात. उत्तरे समाधानकारक मिळाली, तेव्हाच इसार पाठविला.

घर जांभ्या चिऱ्याचे, वर कौले, पुढे पडवी, मागे विहीर आणि पोफळीची वाडी. आमच्या दोन खोल्या वाडीकडच्या बाजूला होत्या. दिवेलागणीला पोहोचलो. माझा अनुभव असा की, नव्या जागेतला पहिला तास नीट गेला की पुढचे दिवस आपोआप नीट जातात. मी पिशव्या सोडण्याआधी खोली पाहून घेतली. सासूबाईंची गादी संडासाच्या दाराजवळ आणि दिव्याच्या बटणाजवळ घातली. औषधे एका फळीवर, विजेरी उशाशी. पाण्याची कळशी भरून झाकली. मुलांना एक खुंटी आणि एक कोपरा नेमून दिला व सांगितले, "तुमचे सामान याच्या बाहेर दिसता कामा नये." किल्ली दाराच्या खिळ्याला. मग सगळ्यांनी हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि खोली आपली वाटू लागली.

तिथली हवा दमट. आपल्याकडे तासाभरात वाळणारा कपडा तिथे दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो, मिठाला पाणी सुटते. म्हणून जाताना सुती कपडे थोडे जास्त आणि दोरी बरोबर न्यावी, ही आपली एक सूचना.

खरा प्रश्न निघाला तो जेवणाचा. घरमालकीण वहिनी म्हणाल्या, "सकाळी न्याहारी आणि दोन वेळा जेवण आम्ही देऊ." सासूबाईंना ते रुचले नाही. "स्टोव्ह आणलाय, ज्वारीचे पीठ आणलेय. पैसे मोजून दुसरीच्या हातचे खायचे, तर घरची बाई काय करणार?"

"आई, घरची बाई समुद्र पाहणार," मी म्हणाले.

खोलीत कोणी बोलेना. शेवटी ह्यांनी कागद काढून हिशेब मांडला. शिधा, रॉकेल, भाजी एकीकडे आणि जेवणाचे पैसे दुसरीकडे. फरक निघाला तो एका बऱ्या लुगड्याच्या किमतीहून कमी. तेव्हा असे ठरले की न्याहारी आणि दुपारचे जेवण वहिनींकडे, आणि रात्रीची खिचडी ह्यांनी आणि चिरंजीवांनी करायची. ताटे कन्येने घासायची नाहीत, ज्याची त्याने घासायची. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पंचमी होती. वहिनींनी आंबोळ्या वाढता वाढता मुलांना एक हिशेब शिकविला, तो मी आपणांसही सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या आधी आणि नंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अशी भरती रोज पुढे सरकते. घड्याळ लावून पाहिले तर हा फरक सुमारे पन्नास मिनिटांचा असतो. एवढ्यावर वहिनींनी आम्हाला बजावले, "दहाच्या आत-बाहेर जा, वाळू मोकळी असेल, आजींना चालता येईल. भरतीच्या वेळी मुलांना पाण्यात सोडू नका." परगावी उतरल्यावर यजमानीण जे सांगते ते ऐकावे, पाण्याची ओळख तिला असते, आपल्याला नसते.

सासूबाई ओल्या वाळूवर बराच वेळ उभ्या राहिल्या. पायांवरून पाणी गेले तशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्या काही बोलल्या नाहीत. परत आल्यावर मात्र त्यांनी वहिनींना विचारले, "तुम्ही कधी गेला होतात समुद्रावर?"

वहिनी हसल्या. "झाले असतील सहा महिने. पाहुण्यांच्या दिवसांत कुठले जमते!"

समुद्र त्यांच्या फाटकापासून दोनशे पावलांवर. भगिनींनो, ते ऐकून माझा घास घशातच अडकला. मला विसावा हवा म्हणून मी भांडले होते, तो मला मिळालाही होता. पण तो दुसऱ्या बाईच्या चुलीवर शिजत होता. आम्ही पैसे देत होतो, ते वहिनींना हवेही होते. त्या पैशावर त्यांच्या मुलीचे कॉलेज चालले आहे, हे त्यांनीच अभिमानाने सांगितले. तेव्हा पैसे देऊन जेवण्यात गैर काही नाही. पण पैसे दिले म्हणजे तिचे श्रम दिसेनासे व्हावेत, हे बरोबर नव्हे.

तोड सासूबाईंनीच काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमचे ज्वारीचे पीठ घेतले, वहिनींच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, "आज आमच्या भाकरी आणि ठेचा. तुम्ही जा." मी पिठले केले, ह्यांनी कांदे चिरले. वहिनी आपल्या यजमानांना घेऊन काळोख पडेपर्यंत समुद्रावर होत्या. परतल्या तेव्हा त्यांच्या पदराला वाळू लागली होती. त्या रात्री दोन्ही घरे एका पंगतीला बसली. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि सोलकढीचे तीन पेले आमच्या चिरंजीवांनी संपविले.

मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. विधवा आणि निराधार मुलींसाठी १८९६ साली आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे, १९५८ साली भारतरत्न झालेले ते अण्णा. त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा भगिनीशी विवाह केला, तेव्हा गावाने बहिष्कार घातला आणि स्वतःच्या घरी उतरणेही त्यांना कठीण होऊन बसले. आज त्याच गावात परजिल्ह्यातल्या, अनोळखी, परजातीच्या माणसांना लोक घराचे दार उघडून देतात. भाड्याने का होईना, पण दार उघडते, पंगत एक होते. हे एका माणसाच्या आयुष्यापासून आजवर किती बदलले, ते आम्ही त्या पडवीत बसून मुलांना सांगितले.

आता शेवटचे. आपले जानेफळही पाहुण्यांचे गाव आहे. आषाढीहून परतताना श्री गजानन महाराजांची पालखी इथे मुक्कामाला येते. त्या दिवशी वारकऱ्यांसाठी आपण पहाटेपासून राबतो. आनंदाने राबतो, त्यात शंका नाही. पण संध्याकाळी कीर्तनाला बसायला आपल्यापैकी किती जणी मोकळ्या असतात? माझ्या घरी तरी मी टाळांचा आवाज पोळपाटावरूनच ऐकत आले आहे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, पुढच्या आषाढापासून आपण पाळ्या लावाव्यात. चार घरांचा एक गट, एका वेळी दोघी चुलीशी आणि दोघी कीर्तनाला; आणि पुरुषमंडळींना वाढण्याचे काम नेमून द्यावे. ह्यांनी रात्रीची खिचडी केली, त्यांना काही झाले नाही. सासूबाईंनी माझ्या गटात पहिले नाव स्वतःचे लिहायला सांगितले आहे, आणि पहिली पाळी कीर्तनाची मागितली आहे.