धाकट्या शब्दाचा थोरपणा

काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत रचिलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथांत प्रतिष्ठान नगरीच्या सातवाहन राजाची एक गोष्ट आहे. प्रतिष्ठान म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील, गोदावरीच्या तीरावरील पैठण. वसंतऋतूंत राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असतां एक राणी पाण्याच्या माऱ्यानें दमून गेली व त्याला संस्कृतांत कांहीं बोलली. तिच्या वाक्यांत ‘मोदकैः’ असा शब्द आला. राणीला मोदकांचा मारा हवा आहे असें समजून राजानें तत्काळ पुष्कळ मोदक मागविले. तेव्हां राणीला हंसूं आवरेना. तिनें ‘मा’ आणि ‘उदकैः’ या दोन पदांचा संधि केला होता. पाण्यानें मारूं नका, एवढेंच तिला म्हणावयाचें होतें.

‘उदक’ म्हणजे पाणी, हें राजाला ठाऊक नसेल असें संभवत नाहीं. त्याला फसविलें तें ‘मा’ या एका अक्षराच्या पदानें. परकी भाषा शिकणाऱ्याची खरी परीक्षा जड शब्दांपेक्षां अशा धाकट्या शब्दांतच होते, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसास याचा प्रत्यय रोज येतो.

‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘लुक’, ‘गिव्ह’ हीं इंग्रजी क्रियापदें शाळेंतील लहान मुलासही येतात. परंतु त्यांच्यानंतर ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा एखादा लहान शब्द येऊन बसला कीं अर्थ पार पालटतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणें. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें. ‘लुक’ म्हणजे पाहणें. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणें आणि ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणें. कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच म्हटलें आहे कीं, परकीयांना सर्वांत मोठी अडचण या जोडीनेंच होते. तिला ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव मात्र पुष्कळ उशीरां मिळालें. लोगन पिअर्सल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत तें वापरलें व तें सुचविल्याचें श्रेय हेन्री ब्रॅडली या कोशकारास दिलें. मराठींत त्यास जोडक्रियापद म्हणण्यास हरकत नसावी.

ही रीत भारतीय विद्यार्थ्यास अगदींच अनोळखी आहे असें नाहीं. संस्कृतांत ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द निघाले. धातु तोच, उपसर्ग तेवढा निराळा. संस्कृतानें हा धाकटा शब्द धातूच्या आधीं बसविला, इंग्रजीनें तो क्रियापदाच्या नंतर बसविला. वेदांच्या भाषेंत तर उपसर्ग धातूपासून दूरही राहूं शके. तसाच इंग्रजीतील हा शब्दही कित्येकदां क्रियापदापासून अलग होतो.

नित्याच्या व्यवहारांत या जोड्या किती लागतात हें पाहण्यासाठीं पैठणी विणणाऱ्या एखाद्या घराचें उदाहरण घ्यावें. परदेशी पाहुण्यास त्या घराची हकीकत सांगावयाची आहे. कला बापाकडून मुलाकडे येते, ती ‘हँड डाउन’ होते. मुलगा तो धंदा हातीं घेतो, म्हणजे ‘टेक अप’ करतो. घरांत नवा माग उभारतो, तें ‘सेट अप’. मंदीच्या दिवसांतही काम चालूं ठेवतो, तें ‘कॅरी ऑन’. रेशीम संपलें कीं तें ‘रन आउट’ झालें. मजुरी परवडेनाशी होऊन त्यानें माग सोडला तर तें ‘गिव्ह अप’, आणि सर्वांनींच सोडला तर ती कला नष्ट होईल, म्हणजे ‘डाय आउट’ होईल. एका कुटुंबाचें सुखदुःख येथें सात जोड्यांत सांगून झालें आणि त्यांत एकही कठीण शब्द आला नाहीं. शाळेंत इंग्रजी शिकलेला मराठी माणूस ‘गिव्ह अप’च्या जागीं ‘रेलिंक्विश’ असा भारदस्त शब्द योजतो. तो चूक नाहीं. पण साध्या बोलण्यांत तो लग्नाच्या पंगतींत दरबारी पोशाख घालून बसल्यासारखा दिसतो.

या जोड्यांच्या मांडणीचा एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दिवा मालवावयाचा असतां ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणतां येतें आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ असेंही म्हणतां येतें. परंतु दिव्याचें नांव न घेतां सर्वनाम वापरलें, तर तें मधेंच बसलें पाहिजे: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ असें या अर्थानें कोणी इंग्रज म्हणत नाहीं. उलट ‘लुक आफ्टर’सारखी जोडी फुटत नाहीं. आईला सांभाळ, हें ‘लुक आफ्टर हर’ असेंच म्हणावें लागतें.

अर्थाची गफलत झाली तर नुकसान केवळ परीक्षेंतील गुणांचें होत नाहीं. नोकरीच्या मुलाखतीचें पत्र आलें आणि त्यांत मुलाखत ‘पुट ऑफ’ केल्याचें लिहिलें असेल, तर ती पुढें ढकलली आहे. ‘कॉल ऑफ’ केल्याचें लिहिलें असेल, तर ती रद्द झाली आहे. जो उमेदवार पहिल्याचा अर्थ दुसऱ्यासारखा घेईल तो नव्या तारखेची वाट न पाहतां घरीं बसेल, आणि हातची संधि जाईल. ‘पास आउट’चा प्रकार तर मौजेचा आहे. भारतांत पदवी घेऊन कॉलेजांतून बाहेर पडणें, असा त्याचा अर्थ रूढ आहे. इंग्लंडांत लष्करी शिक्षण पुरें करणाऱ्यांविषयीं तसा प्रयोग होतो खरा. परंतु सामान्य माणसाविषयीं ‘पास आउट’ म्हटलें कीं तो बेशुद्ध पडला असेंच ऐकणाऱ्यास वाटतें. पदवीदानाची वार्ता ऐकून परदेशी स्नेही प्रकृतीची चौकशी करूं लागला, तर त्यास हंसूं नये.

मग या जोड्या शिकाव्या कशा? उत्तर मराठींतच आहे. ‘तो रागाच्या भरांत भलतेंच बोलून गेला’ या वाक्यांत कोणी कोठेंही गेलेलें नाहीं. ‘ती आपलें गुपित सांगून बसली’ या वाक्यांतील बाई उभीही असूं शकेल. जाणें, बसणें, टाकणें, काढणें, देणें, घेणें, ठेवणें हीं साधीं क्रियापदें दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशीं उभीं राहून आपला मूळ अर्थ विसरतात व नवी छटा देतात. यांसच मराठी व्याकरणांत संयुक्त क्रियापद म्हणतात. इंग्रजी जें काम ‘अप’ आणि ‘आउट’ यांच्याकडून करून घेते, तेंच मराठी या दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणें. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेवणें. ‘रीड आउट’ म्हणजे वाचून दाखविणें. ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणें. जोडीस जोड मिळाली कीं पाठांतराचें ओझें निम्में होतें. कांहीं जोड्या अशा तर्कास दाद देत नाहींत. ‘पुट अप विथ’ म्हणजे मुकाट्यानें सोसणें, हें कोणासही अंदाजानें कळणार नाहीं. त्या वाक्यांतूनच शिकाव्या लागतात.

सातवाहनाच्या गोष्टींत पुढें असें आहे कीं, लज्जित झालेल्या राजास सहा वर्षांत व्याकरण शिकवीन असें गुणाढ्य म्हणाला, तर शर्ववर्म्यानें सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली. शर्ववर्मा जिंकला. त्याच्या नांवावर असलेलें ‘कातंत्र’ व्याकरण पाणिनीच्या ग्रंथापेक्षां आटोपशीर असून तें काश्मीर आणि बंगालांत अभ्यासिलें गेलें, आणि त्याचें तिबेटी भाषांतरही झालें. शिकणाऱ्यास आधीं नित्याच्या कामाचें तेवढेंच द्यावें, ही दृष्टि जोडक्रियापदांसही लागू आहे. शेंकडों जोड्यांची यादी घोकणारा विद्यार्थी चार दिवसांत ती विसरतो. त्यापेक्षां एक वही करावी. रोज एक इंग्रजी वाक्य, आपल्याच घरांतील व्यवहाराचें, तींत लिहावें. समोर त्याच अर्थाचें मराठी वाक्य संयुक्त क्रियापदासह लिहावें. आणि दोन्ही मोठ्यानें म्हणावीं. वर्षाकाठीं साडेतीनशेंहून अधिक वाक्यें पदरीं पडतील, आणि रोजच्या बोलण्यास व पत्रव्यवहारास तेवढी पुंजी पुष्कळ होईल.