गावाचा इतिहास आणि चुन्याचा थर



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'रामटेकचा इतिहास महाजालावर' असा छापला आहे. तो वाचून आपल्यापैकी तरुण मंडळींना वाटले असेल की, आज संगणकाविषयी काही नवे कळेल. आणि वडीलधाऱ्यांना वाटले असेल की, आजची संध्याकाळ तलावावर फिरायला गेलो असतो तर बरे झाले असते. दोघांचीही थोडी निराशा होणार आहे. कारण मी सुरुवात करणार आहे ती चुन्यापासून.

गडावर जाताना केवल नरसिंहाचे देऊळ लागते. आपण सर्वांनी लहानपणापासून ते पाहिले आहे. कित्येकांनी तिथे सहलीच्या डब्यातली पुरीभाजी खाल्ली आहे. या देवळाच्या भिंतीत वाकाटकांच्या काळचा, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. पण १९८० नंतरच्या दशकात दुरुस्तीच्या वेळी भिंतीवरचे थर निघाले, तेव्हा कुठे तो दृष्टीस पडला. तोपर्यंत तो चुन्याखाली झाकलेला होता. हा चुना कोणा शत्रूने लावलेला नव्हता. भाविकांनी पुण्य म्हणून, देऊळ स्वच्छ दिसावे म्हणून थरावर थर चढवले. १८७३-७४ साली पुरातत्त्व खात्याचा बेग्लर रामटेकला येऊन गेला. १९१६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या शिलालेखांची यादी छापली. महामहोपाध्याय मिराशींनी तर वाकाटकांच्या लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ साली सिद्ध केला. अशा माणसांनाही हा लेख मिळाला नाही, कारण आम्ही तो भक्तिभावाने झाकून ठेवला होता.

निघाला तेव्हा तो बराच भग्न होता. उरलेल्या ओळींतून डॉ. जामखेडकर, आणि पुढे बक्कर व आयझॅकसन या परदेशी विद्वानांनी जे वाचले, त्यात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याची हकीकत आहे, सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. प्रभावतीगुप्ता म्हणजे मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुले लहान म्हणून जिने स्वतः राज्यकारभार केला ती बाई. तिच्या घरातली सुखदुःखे आपल्या टेकडीवर दगडात कोरलेली होती, आणि आपण त्यावर दरसाल कुंचा फिरवत होतो.

कोणी म्हणेल, चुन्यामुळेच लेख टिकला. म्हणू द्या; त्यातही थोडे तथ्य असेल. पण टिकणे आणि मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आज मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ या फरकात आहे.

आता दुसरी गंमत पाहा. या टेकडीचा फार जुना लेखी पुरावा म्हणजे प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट. रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी तो दिला, असे त्यात म्हटले आहे. हा ताम्रपट रामटेकला मिळाला नाही, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळाला. तिचाच दुसरा ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे आपल्या शेजारच्या नगरधनहून निघालेला आहे. तो सापडला पुण्यात, एका तांबटाच्या घरी! ज्याचा धंदाच तांबे वितळवून भांडी घडवण्याचा, त्याच्या घरात आपल्या मुलखाचा इतिहास पडून होता. तो कोणाच्या तरी हंड्या-कळशीत गेला नाही, हे आपले नशीब. आणि २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला डेक्कन कॉलेज व राज्याचे पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा निघाली. म्हणजे एका राणीच्या कारभाराची कागदपत्रे म्हणावीत तर एक अमरावतीकडे, एक पुण्यात, एक नगरधनच्या मातीत आणि एक केवल नरसिंहाच्या भिंतीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसे इथे अर्धेच खरे आहे. कळसा काखेतही होता आणि वळसाही खराच घ्यावा लागला.

महाजालाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. वस्तू जिथल्या तिथे राहतात. त्यांची चित्रे, वाचने आणि हकीकती मात्र एका ठिकाणी येतात. रसेलसाहेबाचे १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर, बेग्लरचा अहवाल, हिरालाल यांची यादी ही पुस्तके पूर्वी पाहायची तर नागपूरच्या ग्रंथालयात खेटे घालावे लागत, आणि ग्रंथपाल प्रसन्न असला तर पुस्तक मिळे. आज ती घरबसल्या उघडता येतात. पण ती सारी इंग्रजीत. आपल्या मराठी शाळेतल्या मुलीने स्वतःच्या गावाविषयी तिथे काही शोधले तर तिला काय मिळते? गडाची रंगीत छायाचित्रे, उपाहारगृहांचे पत्ते, आणि एकच मजकूर शंभर ठिकाणी उतरवलेला.

या मजकुराविषयी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. दरवर्षी आषाढ लागला की आपल्या सर्वांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतो: कालिदासाने मेघदूत रामटेकला बसून लिहिले. कोणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता नसतो. खरी गोष्ट अशी आहे की, मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो. आणि तो रामगिरी कोणता याबद्दल जुना वाद आहे. मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला. एका पक्षाने छत्तीसगडमधल्या सरगुजाचा रामगढ सुचवला. विल्सनने १८१३ साली मेघदूताचे भाषांतर छापले, त्यात त्याने रामटेकचे नाव घेतले. आणि मिराशींनी ताम्रपटातला रामगिरी, वाकाटकांची राजधानी, मेघाच्या वाटेतली स्थळे असा सगळा पुरावा जुळवून रामटेकची बाजू सर्वांत भक्कम मांडली. मला स्वतःला मिराशींचे म्हणणे पटते. पण ते पटणे हा वादातला एक कौल आहे, सातबाऱ्याचा उतारा नव्हे. कवी स्वतः इथे बसून लिहीत होता, हे तर मिराशींच्या पुराव्याच्याही एक पाऊल पुढचे झाले. फिरता निरोप हा वाद पुसून टाकतो, मिराशींचे नावही पुसतो, आणि एक गुळगुळीत पांढरी भिंत आपल्यापुढे ठेवतो. यालाच मी आजचा चुना म्हणतो. हाही भक्तीनेच लावला जातो, म्हणून तर तो खरवडताना हात कचरतो.

गावाच्या नावाचेही तसेच. कोणी म्हणतो रामाने इथे टेक, म्हणजे प्रतिज्ञा केली. कोणी म्हणतो राम इथे टेकले. यादव रामचंद्राच्या काळचा जो लेख लक्ष्मणाच्या देवळात आहे, त्यात या टेकडीला सिंदूरगिरी म्हटले आहे. या साऱ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. दंतकथा हीदेखील इतिहासाची वस्तूच आहे. फक्त दंतकथेला दंतकथा म्हणून आणि लेखाला लेख म्हणून ठेवावे. आजीची गोष्ट आजीच्या नावाने लिहिली, तर तिची किंमत वाढते, कमी होत नाही.

हे काम कसे करावे, याचा धडा आपल्याच मुलखात सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. भडोचचा राजपुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेसाठी म्हणून घरून निघाला, रिद्धपूरला थांबला, गोविंदप्रभूंना भेटला आणि पुढे चक्रधरस्वामी म्हणून सर्वांना माहीत झाला. त्यांच्या निर्याणानंतर म्हाइंभटांनी काय केले? ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली आणि लीळाचरित्र सिद्ध केले. दोघांच्या आठवणीत फरक पडला, तर तो फरकही नोंदवण्याची रीत त्या पंथाने सांभाळली. स्वामी कुठे उतरले, देऊळ कोणत्या दिशेला, हे सांगणारी स्थानपोथीही त्यांनी केली. मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली असे सांगतात. तेव्हा ज्यांना ती पाठ होती, त्यांच्या तोंडून ती पुन्हा लिहिली गेली. एक प्रत गेली तरी ग्रंथ गेला नाही, कारण तो अनेकांच्या कंठात होता.

आणि त्याच पंथाने दुसराही धडा ठेवला आहे. परक्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. पोथ्या राहिल्या, पण बाकीच्या महाराष्ट्राला त्या विसाव्या शतकाच्या आरंभी, लिपीची किल्ली राजवाडे-भाव्यांसारख्या संशोधकांच्या हाती आली तेव्हाच उमगल्या. मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा शेकडो वर्षे घरात होता आणि घरच्यांनाच ठाऊक नव्हता. त्यांना तसे करण्याला कारण होते. आपल्याला कोणते कारण आहे?

आपणही न कळत सांकेतिक लिपी वापरत असतो, ही वेगळीच गंमत. वीसेक वर्षांपूर्वी एका स्मरणिकेचा मजकूर आम्ही संगणकावर जुळवला होता. परवा ती तबकडी उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ! तेव्हाचे टंक निराळे. ते गेले, आणि मजकूर मुका झाला. आज युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी जगात कुठेही वाचता येते आणि शोधता येते. म्हणून जे काही लिहाल ते त्यातच लिहा, एवढे तांत्रिक ज्ञान पुरे आहे. छायाचित्र काढून मजकूर चित्ररूपाने टाकला, तर तो शोधून सहज सापडत नाही.

महाजालावर टाकले म्हणजे अक्षय झाले, हाही भ्रम नको. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. गावोगावच्या मराठी मंडळींनी तिथे मांडलेल्या गप्पा, आठवणी, छायाचित्रे आज उघडत नाहीत. त्याआधी २००९ साली जिओसिटीज गेले, त्याबरोबर लोकांनी हौसेने बांधलेली कितीतरी पाने गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेचीही सूची कित्येक आठवडे बंद होती. तेव्हा एक प्रत महाजालावरच्या सार्वजनिक संग्रहात, एक गावच्या वाचनालयात, एक कोणा जाणत्या घरी आणि एक साध्या कागदावर छापलेली अशी असावी. हिशेब म्हाइंभटांच्या वेळचाच आहे.

आता माझी चूक सांगतो. रामटेकचे पान नावाजलेले. पण पानमळ्याचा इतिहास कुठे आहे? ताम्रपटांचे राखणदार पुष्कळ आहेत, विद्यापीठे आहेत; १९९७ पासून तर कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आपल्याच गावात आहे. मळ्याला मात्र कोणी नाही. बरई मळ्यात शिरताना पायताण बाहेर काढतो, नागवेलीचे आणि नागपंचमीचे नाते सांगतो, वेलाची उतरण कधी करायची, पान कसे खुडायचे, कसे मोजायचे, त्या प्रत्येक कृतीला त्याचा स्वतःचा शब्द आहे. एका वृद्ध बरयाकडे मी दोन तास बसलो. ते बोलत होते आणि मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करीत होतो. मळे का कमी झाले, पाणी कुठून येई, कोणत्या गावचे व्यापारी येत, दलालाशी भांडण कसे होई, सगळे सांगितले. मी वहीत एक ओळही लिहिली नाही; यंत्र आहे ना! आठ दिवसांनी तो मोबाइल पाण्यात पडला. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊ म्हणून राहिलो. आणि गेलो तेव्हा त्यांच्या फोटोला हार घातलेला होता. त्यांच्या सुनेने पाणी दिले आणि विचारले, "भाऊजी, बाबा तुमच्याजवळ इतकं काय सांगत होते? आम्हाला तर कधी काही सांगितलं नाही." मला उत्तर देता आले नाही. मला आठवत होते ते चार-पाच शब्द, आणि तेही कोणते कशाला, याची खात्री नाही.

असे किती जण अजून आपल्यात आहेत! मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणीत उमर काढलेले मजूर आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर लागतो, त्याची तयारी करणारी घराणी आहेत. अंबाळ्याच्या घाटावरचे उपाध्ये आहेत. १९८४ आणि १९८९ च्या लोकसभेच्या निवडणुकांत पी. व्ही. नरसिंह राव इथून निवडून गेले. त्या प्रचारसभांना जे होते तेही आता साठी-सत्तरीत आहेत. पंतप्रधान झालेल्या माणसाविषयी पुस्तके निघतील. पण त्यांची सभा ऐकून घरी जाताना रामटेकच्या माणसाने काय म्हटले, ते कोणत्या पुस्तकात येणार?

घरोघरच्या पेट्यांत कागद आहेत, काही मोडीतले. ते बाहेर काढताना एक पथ्य पाळावे. त्यांत कर्जे आहेत, भाऊबंदकी आहे, जातीवरून केलेला अपमानही आहे. ज्यांच्या घरचा कागद, त्यांना विचारल्यावाचून तो जगापुढे मांडू नये. आणि त्यांनी परवानगी दिल्यावर, गावाची अब्रू जाईल म्हणून त्यातला नको तो भाग गाळूही नये. तो गाळणे म्हणजे पुन्हा कुंचा हातात घेणे आहे.

संयोजकांनी वाचनालयाच्या खोलीत उद्या सकाळी एक टेबल आणि चित्र उतरवून घेण्याचे यंत्र ठेवण्याचे कबूल केले आहे. आपल्याकडचे एखादे जुने छायाचित्र घेऊन यावे. ते पाच मिनिटांत परत मिळेल. पण येण्यापूर्वी आज रात्री घरातल्या सर्वांत वडील माणसाला ते दाखवा आणि त्यात कोण कोण आहे, डावीकडून उजवीकडे, विचारून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा; कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. नाव आठवत नसेल तिथे जागा कोरी ठेवा. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.